पार्टिकल बोर्डातला स्क्रू आणि उचकटण्याचा घोळ

पार्टिकल बोर्डाचं फर्निचर म्हटलं की लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "भुसा आहे हो तो, त्यात स्क्रू काय धरणार". मग कधीतरी दार लोंबकळायला लागतं किंवा कपाट एका अंगाला कलतं आणि तेच वाक्य परत ऐकू येतं, यावेळी "सांगितलं होतं ना" लावून. मला हे अर्धंच पटतं. भुसा आहे हे खरं, पण धरत नाही हे खोटं. धरतो, आणि चांगला धरतो, फक्त कुठून ओढताय आणि कसं ओढताय यावर सगळा खेळ आहे, आणि ते कुणी नीट सांगत नाही म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

निखळलेल्या जोडातला स्क्रू कधीतरी हातात घेऊन बघा. सरळच्या सरळ असतो, वाकलेला नाही, तुटलेला नाही, आट्यांच्या मधे मात्र पिवळसर भुगा गच्च बसलेला असतो. तो भुगा हीच त्या जोडाची ताकद होती. दोन आट्यांच्या मधे बोर्डाचा जो पातळसा भाग अडकतो तोच सगळा भार घेतो, तो एकदा कापला गेला की स्क्रू कितीही भारी असू दे, उपयोग नाही. त्यामुळे स्क्रू स्टीलचा आहे की पितळेचा, पिवळा की काळा, यावर दुकानात वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, बोर्ड आधी हरतो.

आता बोर्ड. लाकडाचे कण, त्यात रेझिन म्हणजे गोंद (बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइड) आणि गरम प्रेसखाली दाबून केलेली शीट, इतकं साधं. जर्मनीतल्या माक्स हिमेलहेबरने १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली, हेतू हा की झाडाचं जे लाकूड एरवी वाया जातं त्याचाही बोर्ड व्हावा. पण आपल्या कामाची गोष्ट बोर्डाच्या कडेवर दिसते. लॅमिनेटची पट्टी न लावलेली एखादी कापलेली कड घ्या आणि टॉर्च मारून बघा, वरच्या आणि खालच्या बाजूला बारीक कणांचा घट्ट थर दिसेल आणि मधे जाड जाड तुकडे, त्यांच्यात चक्क फटी. म्हणजे सरासरी घनता ६५० किलो प्रति घनमीटर असली तरी पृष्ठभाग त्याच्यापेक्षा बराच जड असतो आणि पोट बरंच हलकं. आणि आपण कडेतून स्क्रू मारतो तो नेमका या पोटात जातो.

पोट किती कच्चं असतं त्याचा एक आकडा देतो. युरोपियन स्टँडर्डमधे, ईएन ३१२ मधे, कोरड्या जागेतल्या फर्निचरसाठी पी-२ नावाचा बोर्ड आहे, त्याच्या १३ ते २० मिलिमीटर जाडीला थर एकमेकांपासून ओढून सोडवायची किमान ताकद ०.३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मागितलेली आहे. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला आणि वरचा थर खालच्या थरापासून सरळ ओढला तर साधारण साडेतीन किलोला तो फाटू शकतो. साडेतीन किलो! कडेतून जाडा स्क्रू घुसवताना तो पाचरीसारखं काम करतो आणि हेच थर एकमेकांपासून ढकलतो, म्हणून कड फुगते, मधोमध बारीक चीर पडते, आणि लॅमिनेट वर असल्यामुळे ती चीर आपल्याला दिसतही नाही.

अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या हँडबुकात पार्टिकल बोर्डातून स्क्रू सरळ उपटायला किती जोर लागतो याचं एक सूत्र दिलेलं आहे. सूत्र इथे लिहीत नाही, पण त्यातून जे निघतं ते फार कामाचं आहे. एक, बाकी सगळं सारखं ठेवलं तर कडेतली पकड पृष्ठभागातल्या पकडीच्या साधारण पाऊण पट. दोन, स्क्रूची जाडी दुप्पट केली तर पकड जेमतेम १.४ पट होते, पण आत जाणारी लांबी दुप्पट केली तर अडीच पटीच्या आसपास जाते. तीन, पकड घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६०० च्या जागी ७०० घनतेचा बोर्ड घेतला तर स्क्रू न बदलता ३६ टक्के फायदा. मला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बोर्ड घेताना आपण जाडी विचारतो, रंग विचारतो, घनता कुणीच विचारत नाही. काहीच माहिती मिळत नसेल तर एकाच मापाचे दोन तुकडे दोन हातात धरून बघा, जड असेल तो घ्या.

त्याच सूत्रात ४ मिलिमीटरचा स्क्रू, १५ मिलिमीटर आत, ६५० घनता असं घातलं तर पृष्ठभागातून साधारण ९० किलो येतात आणि कडेतून ७०. कडेतच ३० मिलिमीटर आत गेलात तर १८० च्या जवळपास. एका स्क्रूला! आता तुम्ही म्हणाल की मग एवढी ताकद असताना ती कपाटं खिळखिळी का होतात, पुस्तकांच्या कप्प्यात काही प्रत्येक स्क्रूवर शंभर किलो नसतात.

बरोबर आहे, नसतात. कारण घरात स्क्रू सरळ उपटला जातच नाही, उचकटला जातो. डब्याचं घट्ट झाकण आपण चमच्याने उचकटतो ना, हाताला फार जोर लागत नाही पण झाकणाच्या कडेला प्रचंड लागतो, तेच इथे. उभी १८० सेंटिमीटरची बाजू आहे, तिला तळाची आडवी फळी जोडलेली आहे, फळी १६ मिलिमीटर जाड, स्क्रू बरोबर मधे, म्हणजे स्क्रूपासून फळीच्या काठापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. आता वरच्या टोकाला कपाट बाजूला ढकललं तर ते जोडात त्या फळीच्या काठावर टेकून वळायला बघतं आणि स्क्रूला ओढतं. १८० सेंटिमीटर भागिले ८ मिलिमीटर, २२५ पट. वर ५ किलोचा धक्का दिला तर हिशोबाने खाली हजार किलोच्या वर जातं. प्रत्यक्षात तो जोर चारही कोपऱ्यांत, सगळ्या कप्प्यांत, प्रत्येक जोडातल्या दोन-तीन स्क्रूंमधे वाटला जातो आणि जोड थोडा नमतोही, म्हणून कपाट जागच्या जागी कोसळत नाही, पण सरकवलेलं प्रत्येक कपाट आतून थोडं थोडं सुटत जातं हे नक्की.

म्हणूनच पाठीमागची ती पातळ ३ मिलिमीटरची हार्डबोर्डची शीट, जिला लोक "नुसती धूळ अडवायला" समजतात, ती माझ्या मते अख्ख्या कपाटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चौकोन तिरका व्हायचा म्हटला तर त्याचा एक कर्ण लांब व्हावा लागतो आणि एक आखूड, आणि सपाट शीट स्वतःच्या प्रतलात तसं होऊ देत नाही. चारही बाजूंनी दर दहा-बारा सेंटिमीटरवर बारीक चुका (छोटे खिळे) मारल्या की तो सगळा तिरका जोर त्या चुकांमधे वाटला जातो, आणि तोही आडवा, कापल्यासारखा, ओढल्यासारखा नाही. कोपऱ्यातल्या स्क्रूंवर उचकटणारा जोर जवळजवळ राहत नाही. चुका मारायच्या आधी फक्त दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करून घ्यायचे. पाठ नीट मारलेली असेल तर कोपऱ्यात साधे स्क्रू असले तरी कपाट वर्षानुवर्षं उभं राहतं, आणि पाठच नसेल, किंवा चार कोपऱ्यांत चार चुका मारून मोकळे झाले असतील, तर कोपऱ्यात काहीही भारी घाला, ते डुलणारच. उघड्या पाठीच्या फॅशनेबल शेल्फांचं मला म्हणूनच कौतुक नाही, निदान मागे वर एक आडवी पट्टी उभ्या धारेने तरी लावा.

बरं, आता स्क्रूकडे. चिपबोर्ड स्क्रू म्हणून जे मिळतात त्यांची दांडी बारीक आणि सरळ असते, आटे उंच आणि पातळ, एकमेकांपासून लांब. यामागे कारण आहे, दांडी बारीक म्हणजे पाचर कमी, आटे उंच म्हणजे मधे अडकणारा बोर्ड जास्त, अंतर जास्त म्हणजे अडकलेला भाग जाड. याउलट जुन्या पद्धतीचा निमुळता लाकडाचा स्क्रू, वर जाड खाली बारीक, तो कडेत मारलात तर जसजसा आत जातो तसतशी कड फाडत जातो. आणि काळे ड्रायवॉलचे स्क्रू जिप्समसाठी असतात, कडक पण ठिसूळ, जोड थोडा हलला की डोकं तुटून हातात येतं आणि दांडी आत राहते. स्वस्त आणि टोकदार आहेत म्हणून सगळीकडे तेच मारले जातात, मारू नका.

पायलट होल, म्हणजे स्क्रूच्या आधी ड्रिलने पाडायचं बारीक भोक, करायचंच, "बोर्ड मऊ आहे, तसाच जातो" हे खरं असलं तरी करायचं. माप म्हणाल तर स्क्रूच्या दांडीपेक्षा (आटे सोडून) किंचित कमी, म्हणजे दांडीच्या ८५-९० टक्के. होल स्क्रूच्या लांबीइतकं खोल, नाहीतर टोक तळाशी पोचल्यावर पुढचा भुगा जायला जागा राहत नाही आणि तो कड फुगवतो. पृष्ठभागात मारताना आरपार जाणार नाही ना एवढं बघायचं. कडेत मारताना ड्रिल काटकोनात हवं, थोडं तिरकं गेलं की आटे एका बाजूच्या पातळ थराशी जातात आणि लॅमिनेटला फोड आल्यासारखा उंचवटा येतो.

आणि मग पीळ. माझ्या मते जेवढे जोड खराब होतात त्यातले बरेच पहिल्याच दिवशी, लावतानाच खराब झालेले असतात. मशीनने स्क्रू जातोय, डोकं टेकतं, आणि पुढे अर्धा सेकंद बटण दाबलेलं राहतं. आता डोकं पुढे जाऊ शकत नाही पण स्क्रू फिरतोय, म्हणजे आटे आपल्याच जागी फिरून मधला बोर्ड किसून काढतात. हाताने पेचकस फिरवताना हे जाणवतं, आधी पीळ वाढत जातो, मग एक क्षण येतो की हात एकदम हलका पडतो. तो हलका पडला म्हणजे आटे गेले, बाहेरून मात्र स्क्रू अगदी नीट बसलेला दिसतो. म्हणून शेवटचे दोन फेरे हाताने द्यायचे, किंवा मशीनचा क्लच (पीळ वाढला की फिरवणं सोडून देणारी सोय) अगदी खालच्या आकड्यावर ठेवायचा.

काढलेला स्क्रू परत लावायचा असेल तर आधी हलक्या हाताने उलटा फिरवा, टक् करून आटा जुन्या खाचेत पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा फिरवा. असं न करता सरळ दाबून फिरवलं तर जुन्या आट्यांना छेद देत नवे आटे पडतात, दोन्ही अर्धे, पकड गेलीच समजा.

कन्फर्मॅट स्क्रू अनेकांनी फर्निचरमधे बघितलेला असतो पण नाव माहीत नसतं, तोच तो जाडजूड, बोथट टोकाचा, ॲलन कीने फिरवायचा. सगळ्यात चालणारं माप ७ बाय ५०. याला पायऱ्यांचं खास बिट लागतं, कडेत ५ मिलिमीटरचं होल, वरच्या फळीत ७ चं. होल मोठं असल्यामुळे पाचर बसत नाही, टोक बोथट असल्यामुळे कड फाटत नाही, आणि कडेत ३० मिलिमीटरच्या पुढे जातो म्हणजे वर म्हटलं तसा लांबीचा फायदा पूर्ण. कडेतून फळ्या जोडायच्या असतील आणि बाहेर टोपी दिसलेली चालत असेल तर मी डोळे झाकून हाच वापरेन. फक्त १६ मिलिमीटरच्या फळीत ७ चे आटे गेले की दोन्ही बाजूंना साडेचारच मिलिमीटर उरतात, तेव्हा होल मधोमध पडणं ही हौस नाही, गरज आहे. १८ ची फळी मिळत असेल तर १८ ची घ्या.

मग कॅम लॉक, खोक्यातून येणाऱ्या फर्निचरमधला तो १५ मिलिमीटरचा गोल तुकडा, जो पेचकसाने वळवला की आतल्या बोल्टचं डोकं ओढून घेतो. लोक याला खेळणं म्हणतात. मला मात्र यातली हुशारी फार आवडते, ती अशी की यात कडेत स्क्रू मारलेलाच नाही. बोल्टचे आटे उभ्या फळीच्या पृष्ठभागात आहेत, म्हणजे चांगल्या घट्ट थरात, आणि कॅम आडव्या फळीच्या पृष्ठभागातल्या खोल गोल खड्ड्यात बसलाय, कडेतलं होल म्हणजे बोल्टला जायला नुसती वाट. ओढला जातो तेव्हा कॅमच्या पुढचा सगळा बोर्ड दाबला जातो, आणि दाब या बोर्डाला छान सोसतो. आधी त्या खड्ड्याची खोली मात्र बरोबर हवी, उथळ झाला तर कॅम वर राहतो आणि डोकं नीट पकडत नाही.

पण कॅमची एक मर्यादा आहे, बोल्ट कडेतल्या होलमधे सैल असतो. आडवा भार, म्हणजे कप्प्यावरच्या वजनाने फळी खाली सरकायचा जोर, तो त्याने घ्यायचाच नाही, ते काम शेजारच्या लाकडी डॉवेलचं. ८ मिलिमीटरची खाचांची खुंटी, तिला ओढलं तर (गोंद नसेल तर) लगेच निघेल, पण आडवा भार ती आरामात घेते. एक ओढून धरतो, दुसरी सरकू देत नाही, अशी वाटणी आहे. म्हणून "दोन डॉवेल उरले बघ, जास्तीचे दिले असतील" असं कुणी म्हणालं की समजायचं दोन होल रिकामी राहिली आहेत. परत खोलायचं नसेल तर डॉवेलला पांढरा गोंद लावा, होलच्या भिंतींना लावा, नुसता टोकाला नको. फळीच्या लॅमिनेटवर मात्र गोंद ओतून काही होत नाही, त्या चकचकीत थराला तो धरत नाही.

बिजागरीबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी असतात म्हणून थोडं. दाराचं वजन हे कारण बहुधा नसतं. ८ किलोचं, ६० सेंटिमीटर रुंद दार, दोन बिजागऱ्यांत ६० सेंटिमीटर अंतर, तर वरच्या बिजागरीवर बाहेर ओढणारा जोर येतो ४ किलो, आणि वर बघितलं तसं एकेक स्क्रू पृष्ठभागात त्याच्या कितीतरी पट धरतो. बिजागरी उखडते ती दार पूर्ण उघडल्यावर आणखी ढकललं जातं तेव्हा. दार आपल्या शेवटच्या कोनात अडलंय, तुम्ही टोकाला ५ किलोने ढकलताय, आणि बिजागरीपाशी टेकू सापडतो तो जेमतेम तीन सेंटिमीटरवर, वीस पट, १०० किलो, दोन बिजागऱ्यांत वाटले तरी ५०-५०, आणि हे रोज थोडं थोडं. परत तेच उचकटणं. उघड्या दारासमोर भिंत किंवा दुसरं कपाट असेल तर तिथे रबराचं बटण लावून दार आधीच थांबवणं हे बिजागरीला जाडे स्क्रू मारण्यापेक्षा जास्त उपयोगी.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. दाबून बसवलेले कण ओले झाले की फुगतात आणि सुकल्यावर पूर्ण परत बसत नाहीत, युरियावालं रेझिनही ओलाव्याने कमजोर होतं. फुगलेल्या कडेतल्या स्क्रूला कसलीही दुरुस्ती लागू पडत नाही, फळी बदला. सिंकखालच्या बोर्डाच्या कापलेल्या कडा आणि होलची तोंडं आधीच सील करणं एवढंच आपल्या हातात आहे.

आटे गेले असतील पण बोर्ड कोरडा असेल तर मात्र बरंच काही करता येतं. सगळ्यात सोपं, होलमधे पांढरा गोंद आणि काड्यापेटीच्या काड्या (गूल तोडून), सुकल्यावर परत स्क्रू. हलक्या कामाला पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे जुनं होल ८ मिलिमीटरचं करून त्यात गोंद लावून लाकडी डॉवेल ठोकायचा, रात्रभर सुकू द्यायचा, कापून सपाट करायचा आणि त्यात नवं पायलट होल. आता स्क्रू भुश्यात नाही, घट्ट लाकडात जातोय, आणि डॉवेलचा गोंद बोर्डाला आट्यांपेक्षा कितीतरी मोठ्या जागेत धरतोय. कड भुसभुशीत झाली असेल तर आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) मुरवून घ्यायचं. बिजागरीची जागाच फाटून निघाली असेल तर बिजागरी दुरुस्तीच्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात, त्या आजूबाजूच्या चांगल्या भागात स्क्रू मारतात, दिसायला काही खास नाही पण दाराच्या आत कोण बघतंय.

जिथे खरंच जोर येणार आहे, पलंगाची बाजू, टेबलाचा पाय, तिथे या सगळ्या भानगडीत न पडता आरपार बोल्ट आणि आडवा बॅरल नट घाला. १० मिलिमीटरचा तो गोल नट बोर्डात आडवा बसतो, कडेपासून तीनेक सेंटिमीटर आत, एम-६ चा बोल्ट त्याला ओढतो, आट्यांचा बोर्डाशी संबंधच नाही, लोखंडात लोखंड. कितीही वेळा खोला आणि लावा.

आणि घर बदलताना, कपाट रिकामं करा, सुटे कप्पे काढा, दोघांनी तळाला हात घालून उचला, वरच्या कोपऱ्याला धरून ओढत नेऊ नका. पाठ काढायची घाई करू नका, ती सगळ्यात शेवटी, आणि दारातून अख्खं जात असेल तर खोलूच नका.